गांडुळाला साक्षीला बोलवा, सफाईला नको

कोल्हापुरात कुठलाही सार्वजनिक प्रश्न निघाला की दोन गोष्टी ठरलेल्या असतात: आधी मोर्चा, मग प्रकल्प. पंचगंगेच्या नशिबी दोन्ही आले, अनेकदा आले. आता मातीची पाळी आहे, आणि मातीसाठी कुठला प्रकल्प निघेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. गांडुळाचा. स्वस्त आहे, निसर्गाचा आहे आणि उद्घाटनाला पाहुण्यांच्या ओंजळीत देऊन फोटो काढता येतो. (पाहुणे ऐनवेळी हात मागे घेतात, तो भाग वेगळा.)

दूषित जमिनीत गांडुळं सोडली की ती जमीन साफ करतात, ही कल्पना निव्वळ भाबडी आहे असं मी म्हणणार नाही. तिच्यावर जगभर अभ्यास झालेला आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. पण ते तथ्य ज्या घाणीला लागू पडतं ती घाण एक, आणि आपल्या जिल्ह्यात ज्या घाणीची खरी भीती आहे ती दुसरी. या दोघींची सरमिसळ करून "गांडूळ सोडा, माती सुधारेल" असं सांगणं म्हणजे शेतकऱ्याची फसवणूक आहे. ती कुणाच्या फायद्याची ठरेल ते पुढे येईलच.

आधी गांडूळ काय करतं ते पाहू. ते माती गिळतं, पोटात घुसळतं आणि विष्ठेच्या बारीक गोळ्या करून बाहेर टाकतं. त्याच्या बिळांतून हवा आणि पाणी खाली उतरतं. त्याच्या आतड्यात आणि विष्ठेत जिवाणूंची वाढ जोमात होते. खरी सफाई हे जिवाणूच करतात, गांडूळ त्यांना हवा, ओल आणि खाणं पुरवतं. म्हणून जी घाण जिवाणूंना खाता येते, तिथं गांडुळाचा उपयोग होतो. शेण, भाजीमंडईतला कचरा, मैला प्रक्रिया केंद्रातला गाळ, साखर कारखान्याचं प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ), थोड्या प्रमाणातलं तेल, काही कीटकनाशकं ही सगळी त्या यादीत बसतात. अंबाबाईच्या देवळातली फुलं आणि नृसिंहवाडीचं निर्माल्य नदीत जाण्याऐवजी गांडुळांच्या वाफ्यात जावं, यावर वाद घालायचं कारणच नाही. प्रेसमड गरम असतानाच वाफ्यात टाकलं तर गांडुळं मरतात, ते आधी काही दिवस थंड होऊ द्यावं लागतं, एवढं पथ्य पाळलं की उत्तम खत होतं.

धातूंची गोष्ट वेगळी आहे. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, तांबं हे मूलद्रव्यं आहेत. ती कुजत नाहीत, मोडत नाहीत, कुठल्या जिवाणूला पचत नाहीत. गांडुळानं गिळलं तर दोनच वाटा राहतात. धातू विष्ठेतून परत मातीत येतो, नाहीतर गांडुळाच्या अंगात साठतो. आतड्याभोवतीच्या पिवळसर पेशींमध्ये तो बांधून ठेवायची सोय गांडुळाकडे असते. कॅडमियमच्या बाबतीत तर मातीत असतं त्याच्या कित्येक पट कॅडमियम गांडुळाच्या शरीरात सापडतं. हा निष्कर्ष वाचूनच लोकांना वाटतं, बघा, गांडूळ विष शोषून घेतं! घेतं खरं. पण किती घेतं?

जरा हिशोब करू. एक एकर जमीन, वरची सहा इंच माती. वजन होतं साधारण ८०० टन. त्यात टनामागे ३ ग्रॅम कॅडमियम आहे असं उदाहरणापुरतं धरू. म्हणजे एकरात २,४०० ग्रॅम. आता त्याच एकरात ४०० किलो गांडुळं आहेत असं समजा. इतकी गांडुळं फार चांगल्या, ओल्या, सेंद्रिय मातीत असतात, पण राहू दे. त्यांच्यातलं पाणी वजा केलं की कोरडं वजन उरतं सत्तर किलोच्या आसपास. मातीच्या दहापट कॅडमियम त्यांनी अंगात साठवलं असं धरलं, तर सगळ्या गांडुळांत मिळून झालं दोन ग्रॅम. २,४०० मधले दोन. आणि हे दोन ग्रॅम जमिनीतून गेले असं म्हणायचं तर चाळीस गुंठ्यांतलं प्रत्येक गांडूळ वेचून काढावं लागेल आणि घातक कचरा म्हणून त्याची विल्हेवाट लावावी लागेल. वेचलं नाही तर ते तिथंच मरेल, तिथंच कुजेल आणि कॅडमियम जिथल्या तिथं.

मरण्याआधी त्याला कुणी खाल्लं तर मामला आणखी बिघडतो. नांगर किंवा रोटर चालू असताना मागून गायबगळे कसे चालतात, ते आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. उलटलेल्या ढेकळातून गांडूळ बाहेर पडायचा अवकाश, चोच तयारच. साळुंक्या, टिटव्या, बांधावरच्या गावरान कोंबड्या, सगळ्यांचा तो खुराक. १९५० च्या दशकात अमेरिकेत मिशिगनच्या विद्यापीठाच्या आवारात एल्म झाडांवर डीडीटी हे कीटकनाशक फवारलं होतं. झाडांचा रोग पसरवणारे भुंगेरे मारायला. पानं गळून पडली, गांडुळांनी ती खाल्ली, आणि पुढच्या वसंतात रॉबिन पक्ष्यांनी ती गांडुळं खाल्ली. रॉबिन तडफडून मेले. गांडुळं मात्र डीडीटी अंगात घेऊन जिवंत होती. गांडुळानं विष शोषलं म्हणून टाळ्या वाजवायच्या असतील तर या गोष्टीचा उत्तरार्धही ऐकावा लागतो.

तिसरी अडचण जास्त आडवळणाची आहे. मातीच्या कणांना घट्ट चिकटलेला धातू पिकाला सहज मिळत नाही. गांडुळाच्या पोटातून माती गेली की अनेकदा तो काही प्रमाणात सुटा होतो आणि मुळांना मिळू लागतो. शास्त्रज्ञांनी याचाच फायदा घ्यायचा विचार केला आहे. गांडुळांनी धातू सुटा करावा, धातू ओढून घेणारी झाडं तिथं लावावीत आणि ती कापून बाहेर न्यावीत. विचार चांगला आहे, पण त्याची पहिली अट अशी की त्या जमिनीत खाण्याचं पीक घ्यायचं नाही. आपल्याकडे कुणी तसं करणार आहे? नाल्याच्या पाण्यावर पालक-मेथी काढणाऱ्या माणसाला "गांडुळं सोड" एवढंच सांगितलं, तर आपण त्याच्या भाजीत कॅडमियम जायची वाट मोकळी करून देऊ. पालेभाजी कॅडमियम ओढण्यात पटाईत असते.

इथं कुणी म्हणेल की गांडूळ खतातला ह्युमस, म्हणजे कुजून तयार झालेला काळा सेंद्रिय भाग, धातूंना धरूनही ठेवतो. बरोबर आहे, विशेषतः शिसं आणि तांबं. काही जमिनीत धातूंचा पिकाला होणारा पुरवठा त्यामुळे कमीही होतो. पण एका जमिनीत सुटतो, दुसरीत धरला जातो, हे माती कुठली, तिचा सामू (आम्ल-विम्लता) किती, धातू कुठला यावर ठरतं. म्हणजे तपासल्याशिवाय काही करायचं नाही, हेच त्यातून निघतं.

आता आपल्या जिल्ह्याची माती बघू. उद्यमनगरात किंवा कुठल्याही गॅरेजसमोर जमिनीत मुरलेलं जळकं ऑईल घ्या. तेलाचा भाग हवा, ओल आणि शेणखत मिळालं तर जिवाणू हळूहळू खातील, आणि तेल फार नसेल तर गांडुळं त्यांना हातभार लावतील. पण जळक्या ऑईलमध्ये मूळ ऑईलात मिसळलेल्या रसायनांतलं झिंक असतं, इंजिनच्या झिजेतलं लोखंड-तांबं असतं. ते राहणारच. शिरोली, गोकुळ शिरगाव भागात भरावाला पडलेली फौंड्रीची काळी वाळू पाहा: सिलिका, बेंटोनाईट, कोळशाची भुकटी, काही ठिकाणी रेझिन. तिच्यात गांडुळाला खायला काही नाही. तिथं गांडूळ सोडणं म्हणजे त्याला उपाशी मारणं. हुपरीच्या चांदीच्या धंद्यात आम्लं लागतात, तांबं लागतं, मुलाम्याची रसायनं लागतात, आणि तांबं हा गांडुळाचा जुना वैरी आहे. वर्षानुवर्षं मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारलेल्या बागांच्या मातीत गांडुळं विरळ होतात, शेजारच्या सांगलीतल्या द्राक्षवाल्यांनी हे लक्षात घ्यायला हरकत नाही.

इचलकरंजीचा काळा ओढा तर नावातच सगळं सांगतो. कापड रंगवताना रंगाबरोबर भरपूर मीठ लागतं, आणि रंग दिसतो तसं मीठ दिसत नाही. गांडूळ ओल्या कातडीतून श्वास घेतं. खारट माती त्याच्या अंगातलं पाणी ओढून घेते. शिरोळच्या क्षारपड जमिनीतही म्हणूनच गांडुळाला थारा नाही, तिथलं मीठ मुख्यतः अती पाण्याच्या शेतीतून वर आलेलं असलं तरी. त्या जमिनी सुधारल्या कशानं? शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकले, खारं पाणी बाहेर काढलं, एकत्र येऊन चर काढले, कर्ज घेतलं, हप्ते भरले. रोग काय आहे ते ओळखून केलेलं ते काम होतं, आणि त्याला खर्च आला. माती सुधारण्याचा आपल्या डोळ्यासमोरचा सगळ्यात मोठा दाखला हाच आहे, आणि त्यात गांडूळ कुठंही नाही. मीठ धुऊन गेल्यावर, सेंद्रिय कर्ब वाढल्यावर ते आपण होऊन येतं.

जलपर्णीचा विषय मला जास्त काळजीचा वाटतो, कारण तो फार गोंडस रूपात पुढे येतो. उन्हाळ्यात पंचगंगेवर हिरवी चादर पसरते, मग यंत्रं लावून ती काढतात आणि काठावर ढीग घालतात. मग कुणीतरी सुचवतं, याचं गांडूळ खत करा आणि शेतकऱ्यांना द्या. कचऱ्यातून सोनं वगैरे. आता जलपर्णीची मुळं पाण्यातले धातू ओढून घेण्यात तरबेज आहेत, सांडपाणी शुद्ध करायला ती मुद्दाम लावतात ते त्याचसाठी. खत होताना ढीग आकसतो, कर्ब हवेत जातो, धातू जात नाही. म्हणजे किलोमागे धातूचं प्रमाण वाढतं. कारखान्यानं नदीत सोडलेलं जे काही जलपर्णीनं उचललं, ते आपण गोणीत भरून, शिवून, वर अनुदान देऊन शेतात नेऊन टाकायचं! असं होईलच असं नाही, नदीच्या ज्या भागातली जलपर्णी स्वच्छ निघेल तिचं खत जरूर करा. पण आधी तपासा. खत नियंत्रण आदेशात गांडूळ खतासाठी मर्यादा दिलेल्या आहेत: किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम, क्रोमियम ५०, निकेल ५०, शिसं १००. गोणीवर नत्र-स्फुरद-पालाशचे आकडे ठळक छापतात. या चार आकड्यांचा अहवाल विकणाऱ्याकडे मागून बघा, काय उत्तर मिळतं ते. कसबा बावड्याच्या लाईन बझारात वर्षानुवर्षं साठलेल्या मिश्र कचऱ्यातून निघणाऱ्या मातीलाही हाच प्रश्न विचारायला हवा. बॅटऱ्या, रंगाचे डबे, ट्यूबलाईटा सगळं त्यात एकत्रच पडलेलं आहे.

आणखी एक गोष्ट या उत्साहात विसरली जाते. खतासाठी किलोवर विकत मिळतं ते गांडूळ बहुधा आयसेनिया फेटिडा किंवा युड्रिलस युजिनी असतं. पहिलं युरोपातलं, दुसरं आफ्रिकेतलं. दोन्ही शेणात, पालापाचोळ्यात राहणारी. नुसत्या मातीत ती रमत नाहीत. आपल्या रानातलं, माती खाऊन खोल बीळ करणारं गांडूळ वेगळं, आणि ते कुणी किलोवर विकत नाही. त्याला आणायचा मार्ग एकच: खोडव्याला पाचट जाळू नका, ओल ठेवा आणि औषधं जपून वापरा. हुमणी किडीसाठी उसात ओतलेल्या थिमेट या कीटकनाशकानं किती गांडुळं मारली याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. २०१८ च्या आदेशानं ३१ डिसेंबर २०२० पासून त्या औषधावर देशात बंदी आली, ते बरंच झालं. एका हातानं गांडूळ मारायचं आणि दुसऱ्या हातानं अनुदानावर विकत आणायचं, हा आपला जुना शिरस्ता.

मग गांडूळ काहीच कामाचं नाही का? आहे, आणि मोठ्या कामाचं आहे. ते उत्तम साक्षीदार आहे. रसायनं मातीतल्या जिवांना किती घातक आहेत हे ठरवण्यासाठी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९८४ मध्ये जी चाचणी ठरवून दिली, ती गांडुळावरच होते. तिच्याहून सोपी एक चाचणी आहे, आणि आपल्या कॉलेजांनी ती ताबडतोब उचलावी असं मला वाटतं. एक खोका घ्यायचा. मधोमध पुठ्ठ्याची आडभिंत घालून एका बाजूला स्वच्छ माती, दुसऱ्या बाजूला संशयित माती भरायची. दोन्हींचा पोत आणि ओल शक्य तितकी सारखी. पुठ्ठा काढायचा आणि जिथं दोन माती भिडतात त्या रेघेवर दहा गांडुळं सोडायची. झाकण ठेवून अंधारात ४८ तास. नंतर पुठ्ठा परत घालून दोन्हीकडची मोजायची. आठांहून जास्त गांडुळं स्वच्छ बाजूला निघून गेली असतील तर त्या मातीत काहीतरी गंभीर बिघाड आहे. खोके पाच-सहा तरी करावेत, आणि एकात दोन्ही बाजूंना स्वच्छच माती भरावी, म्हणजे गांडुळं उगीच एका कोपऱ्यात गोळा होत नाहीत ना ते कळतं. खर्च जवळजवळ शून्य. शिरोली, हुपरी, रुई, तेरवाड, शिरढोण, जिथं जिथं लोकांना संशय आहे तिथली माती आणून शाळेतल्या मुलांनाही हे करता येईल.

साक्षीदाराचीही उलटतपासणी करावी लागते. गांडुळं पळाली तर काहीतरी बिघडलंय हे नक्की, पण ते मीठ की तांबं की औषध हे गांडूळ सांगणार नाही. आणि गांडुळं राहिली म्हणजे माती निर्दोष असंही नाही. इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यातल्या एका जुन्या खाणीच्या मातीत इतकं आर्सेनिक आहे की बाहेरचं गांडूळ तिथं मरतं, पण तिथली गांडुळं पिढ्यान्‌पिढ्या सरावून आरामात नांदतात. म्हणून पहिली चाळणी गांडुळाची आणि शेवटचा शब्द प्रयोगशाळेचा.

आणि प्रयोगशाळेचं आपल्याकडे काय? २०१५ पासून शेतकऱ्याला मृद आरोग्य पत्रिका मिळते. बारा गोष्टी त्यात तपासल्या जातात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज), बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. शिसं नाही, कॅडमियम नाही, क्रोमियम नाही, निकेल नाही. तांबं आणि जस्त आहेत, पण ते पिकाला कमी पडतंय का हे बघायला. म्हणजे औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या, पुराच्या गाळानं दोनदा-तीनदा भरलेल्या रानाची पत्रिका हिरवीगार येऊ शकते आणि तरी त्या मातीबद्दल जे कळायला हवं ते एका ओळीतही नसतं. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या वर गेलं की आपण धोका पातळी म्हणतो, घरं-जनावरं हलवतो. २०१९ आणि २०२१ मध्ये ते पाणी किती दिवस रानात बसलं आणि नदीच्या तळातला कुठला गाळ कुठं ठेवून गेलं, याची तपासणी गावोगाव व्हायला हवी होती. नदीकाठच्या आणि वसाहतींच्या लगतच्या गावांपुरती तरी पत्रिकेत या चार धातूंची भर घाला, ही मागणी गांडुळाच्या कुठल्याही योजनेपेक्षा जास्त निकडीची आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप मला माहीत आहे. "तपासण्या करत बसलात तर शेतकरी घाबरेल, जमिनीचा भाव पडेल, गुळाला नाव ठेवतील. त्यापेक्षा काहीतरी सुरू तर करू." भावाची भीती खोटी नाही. ज्याच्या दोन एकरांत विष निघालं त्याच्या दारात उद्या व्यापारी येणार नाही, आणि त्यानं ते विष स्वतः आणलेलं नाही. म्हणूनच तपासणी आणि भरपाई यांची सांगड हवी. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारनं दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले आहेत. जिल्हा प्रशासनानं संशयित जागांचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यायचा, त्यावर ९० दिवसांत प्राथमिक तपासणी व्हायची, आणि ज्यानं घाण केली त्यानं सफाईचा खर्च सोसायचा, असा त्यांचा गाभा आहे. कागद चांगला आहे. आता या कागदाशेजारी "गांडूळ सोडा" योजना ठेवून बघा. गांडुळाच्या योजनेत दोषी शोधावा लागत नाही. खर्च सरकारचा, मेहनत शेतकऱ्याची, फोटो पाहुण्यांचा, आणि पाईप नाल्यात सोडणारा मोकळा. उलट तोच सामाजिक जबाबदारीच्या निधीतून गांडुळांची चार पोती वाटून सत्कारही घेऊन जाईल.

तेव्हा गांडुळाच्या वाफ्यांना माझा विरोध नाही. घरोघरी करा, कारखान्याच्या आवारात करा, देवस्थानांनी करा. मात्र जिथं धातूंचा संशय आहे तिथं क्रम असा हवा: आधी खोक्यातली चाचणी, मग प्रयोगशाळा, मग खर्च कुणाचा ते ठरवणं, आणि माती उचलायची, झाकायची की तिथं न खाण्याचं पीक घ्यायचं याचा निर्णय. गांडूळ शेवटी, माती जगण्यालायक झाल्यावर. संशयित जागांचा जो सहामाही अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयातून जायचा आहे, त्यात कुठल्या गावांचे कुठले गट नंबर आहेत हे त्या त्या गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवावं. नावं नसतील तर का नाहीत, तेही तिथंच विचारावं.